गोष्टीचा सांधा

१९३३ च्या फेब्रुवारीत साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. तिथे अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहून काढलं. त्याच्या आदल्या वर्षी ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलत आणि गुरुजी ते बोलणं उतरवून घेत. त्यातून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक उभं राहिलं. वर्षभराच्या अंतराने, दोन तुरुंगांत, एकाच हाताने कागदावर उतरवलेली ही दोन पुस्तकं. दोन्ही मराठी घराघरांत गेली, दोन्हींवर लोकांनी जीव लावला. तरी शाळेत असताना दोन्ही वाचलेल्या माणसाला आज विचारलं, की काय आठवतं, तर उत्तरात फार मोठा फरक पडतो. प्रवचनांतला एखादा विचार डोकं खाजवून सांगितला जातो. श्यामचे पाय मात्र लगेच आठवतात.

आंघोळ झालेला लहान श्याम धोंड्यावर उभा आहे. ओले तळवे खाली टेकवले तर माती लागेल, म्हणून तो अडून बसतो. आई आपलं लुगडं पसरते, त्यावर पाय टिपून मग तो खाली उतरतो. पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस, तसंच मनालाही जप, असं ती त्याला सांगते. प्रसंग एवढाच. तो वाचून पन्नास वर्षं झालेली माणसंही तो जवळजवळ चुका न करता सांगतात आणि त्यातला उपदेशही सोबत सांगतात.

आपल्या विषयाच्या, म्हणजे गोष्टीतून शिकण्याच्या, दृष्टीने महत्त्वाचं आहे ते हे शेवटचं. गोष्ट लक्षात राहते, यात नवल नाही. तिच्यातून जे शिकवायचं होतं ते राहतं का, हा खरा प्रश्न आहे. बोधकथांच्या पुस्तकांत ‘तात्पर्य’ म्हणून खाली एक ओळ छापलेली असते. कोल्हा, कावळा, सिंह आठवतात, ती ओळ आठवत नाही. कारण ती गोष्टीच्या बाहेर असते; ती पुसून टाकली तरी गोष्टीचं काही बिघडत नाही. श्यामच्या पायांच्या प्रसंगातून आईचं बोलणं काढून पाहा. पाय जपण्याचा हट्ट, पसरलेलं लुगडं, सगळंच मग विनाकारण घडल्यासारखं वाटतं. इथे शिकवण गोष्टीच्या सांध्यात बसवलेली आहे, म्हणजे एका घटनेतून दुसरी घटना जिथे निघते त्या जागी. माझ्या मते गोष्टीने शिकण्याचं सगळं मर्म या सांध्यात आहे.

आधी पुरावा पाहू. १९६९ मध्ये अमेरिकेत गॉर्डन बॉवर आणि मायकल क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना शब्दांच्या बारा याद्या दिल्या. प्रत्येक यादीत दहा नामं, एकमेकांशी काही संबंध नसलेली. अर्ध्यांना सांगितलं, की यादीतले शब्द त्याच क्रमाने गुंफून मनातल्या मनात एक गोष्ट रचा. उरलेल्यांनी नेहमीसारखं पाठ करायचं. प्रत्येक यादी झाल्या झाल्या विचारलं तेव्हा दोन्ही गटांना जवळजवळ सगळं येत होतं. बाराही याद्या संपल्यावर पुन्हा विचारलं, तेव्हा गोष्ट रचणाऱ्यांना ९३ टक्के शब्द आठवले, पाठ करणाऱ्यांना १३ टक्के.

हा आकडा इतका मोठा आहे, की तो वाचून कुणालाही सगळा अभ्यासक्रम गोष्टींत भरून टाकावासा वाटेल. पण तो प्रयोग सुट्या शब्दांचा होता. वर्गात आपण सुटे शब्द शिकवत नाही, पानिपतची कारणं शिकवतो, पचनसंस्था शिकवतो. त्या बाबतीत अधिक उपयोगी अभ्यास २०२१ चा आहे. रेमंड मार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या अनेक प्रयोगांची एकत्र छाननी केली. ७५ हून अधिक गट आणि ३३,००० हून अधिक माणसं त्यात होती. गोष्टरूप मजकूर आणि माहितीपर मजकूर यांत गोष्ट अधिक समजते आणि अधिक आठवते, असा निष्कर्ष निघाला. १३ आणि ९३ इतकी दरी नव्हे, पण फरक ठाम आहे.

आता हे का होतं, ते पाहायला नाशिकसारखी जागा नाही. शहराच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या डोंगरात चोवीस लेणी आहेत. त्या डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्यातली माहिती आधी यादीसारखी सांगतो: त्याने लेणं दान दिलं. ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेव ठेवली. २००० एका विणकर श्रेणीकडे, म्हणजे विणकरांच्या संघाकडे, दरमहा शेकडा एक दराने. १००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण दराने. ८००० नारळाची रोपं दिली. गावाचं नाव चिखलपद्र.

पान उलटेपर्यंत यातलं बहुतेक विसरायला होईल. आता तीच माहिती उषवदाताच्या बाजूने पाहू. डोंगरावर पावसाळ्याचे महिने काढायला वीस भिक्षू येणार आहेत. प्रत्येकाला वर्षाच्या वस्त्रासाठी बारा कार्षापण मिळायला हवेत. म्हणजे दरसाल २४० लागणार. दरसाल स्वतः येऊन देणं शक्य नाही. उद्या आपण असू की नसू, सत्ता असेल की नसेल. म्हणून असं काही करायला हवं की मुद्दल कधी मोडणार नाही आणि २४० मात्र दरवर्षी निघत राहतील. गोवर्धनात, म्हणजे आजच्या नाशिकच्या परिसरातच, विणकरांच्या श्रेणी आहेत. त्या पैसे धंद्यात लावतात आणि महिन्याला शेकडा एक देतात. वर्षाला शेकडा बारा. मग २४० निघायला किती ठेवावे लागतील? दोन हजार. ठेव ठेवली, नगराच्या सभेत ती वाचून दाखवली, फलकावर नोंदवली आणि वर डोंगरात कोरूनही ठेवली.

आता २००० हा आकडा विसरणं अवघड आहे. विसरलाच, तर वीस भिक्षू आणि बारा कार्षापण यांच्यावरून तो पुन्हा काढता येतो. गोष्टीची ताकद इथे आहे. ती माहितीला गोड वेष्टण घालत नाही. एका गोष्टीवरून दुसरी काढायची वाट ठेवते. स्मरण ही गोदामातून वस्तू काढण्याची क्रिया कमी आणि दर वेळी नव्याने जुळणी करण्याची क्रिया जास्त आहे, असं मानसशास्त्र सांगतं. कारण आणि परिणाम जोडलेले असतील तर अर्ध्या माहितीवरून उरलेली जुळवता येते.

आणि ८००० नारळांची रोपं? त्यांना मी मुद्दामच गोष्टीत जागा दिली नाही. ती आता आठवणीतून निसटू लागली असतील. चिखलपद्र हे नाव तर बहुधा गेलंच. सांध्यात न बसलेली माहिती अशीच जाते, मग गोष्ट कितीही रंगलेली असो.

त्याच डोंगरात तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याच्या मृत्यूनंतर, नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने तो कोरवला. त्यात सातकर्णीच्या ताब्यातल्या प्रदेशांची लांबलचक यादी आहे: असिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकरावंती. इतिहासाचे अभ्यासक सोडले तर ही यादी कुणाला येत नाही. पण त्याच लेखात त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायल्याचा उल्लेख आहे आणि तो महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. यादी जे सांगते तेच घोडेही सांगतात, की राज्य फार दूरवर पसरलं होतं. पण घोडे कुठून तरी निघाले, धावले, पोचले आणि पाणी प्यायले. त्यात हालचाल आहे. हे कोरवून घेणाऱ्या आईला दोन्ही हवं होतं, नोंदही आणि आठवणही, असं मला तो लेख वाचताना वाटत राहतं.

मात्र हाच डोंगर गोष्टींची दुसरी, काळजी करावी अशी बाजूही दाखवतो. लोक या लेण्यांना पांडवलेणी म्हणतात. महाराष्ट्रात डोंगरात कोरलेलं काही दिसलं, की ते पांडवांनी एका रात्रीत कोरलं, ही गोष्ट ठरलेली. ब्राह्मी लिपी वाचता येणारं माणूस उरलं नाही आणि भिक्षूंची वस्ती मोडली, तेव्हा भिंतीवरची अक्षरं मुकी झाली. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी उलगडेपर्यंत उषवदात, नहपान, बलश्री ही नावं त्या भिंतींवर सर्वांच्या डोळ्यांसमोर असूनही कुणाला माहीत नव्हती. पोकळ जागा राहत नाही. लोकांना जी गोष्ट आधीपासून येत होती, ती त्या डोंगरावर जाऊन बसली. डोंगर लक्षात राहिला, माणसं गेली. विणकरांच्या श्रेणी गेल्या, बौद्ध भिक्षू गेले, स्वतःच्या नावाने लेख कोरवणारी एक राणी गेली. ही हानी लहान नाही, आणि ती गोष्टीच्या जोरामुळेच टिकून राहिली. लेख वाचले गेल्याला दीड शतकाहून अधिक काळ लोटला तरी नाव पांडवलेणीच आहे.

फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या ‘रिमेंबरिंग’ या पुस्तकात हीच गोष्ट प्रयोगाने दाखवली. केंब्रिजमधल्या माणसांना त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक अनोळखी कथा वाचायला दिली आणि काही काळाच्या अंतराने पुन्हापुन्हा सांगायला लावली. दर वेळी कथा थोडी आखूड आणि थोडी इंग्लिश होत गेली. होड्यांचा खास प्रकार जाऊन साधी बोट आली, सीलची शिकार जाऊन मासेमारी आली. जे समजत नव्हतं ते ओळखीच्या साच्यात बसवलं गेलं. सांगणाऱ्यांना आपण काही बदलतो आहोत याचा पत्ताही नव्हता. आपल्याकडे त्रिरश्मी डोंगराचं जे झालं ते याच रीतीने.

याहून थेट धोका पुढच्या संशोधनात दिसला. २००३ मध्ये एलिझाबेथ मार्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचकांना अशा छोट्या कथा दिल्या, ज्यांत जगाबद्दलची काही विधानं चुकीची पेरलेली होती. नंतर साध्या सामान्यज्ञानाच्या प्रश्नांना वाचकांनी अनेकदा त्या चुकीच्या विधानांवरूनच उत्तरं दिली. गोष्टीत आपण रमतो तेव्हा तपासणी सैल पडते. ऐतिहासिक कादंबऱ्यांवर वाढलेल्या आपल्या समाजाने हे फार गांभीर्याने घ्यायला हवं. कादंबरीतला संवाद इतिहास म्हणून सभेत सांगितला जातो, तेव्हा सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याला तो खरोखरच इतिहास म्हणून आठवत असतो.

रंगत वाढवायला घातलेल्या किश्श्यांचंही असंच. शॅनन हार्प आणि रिचर्ड मेयर यांनी १९९८ मध्ये वीज कशी पडते यावरचा पाठ दोन गटांना दिला. एका गटाच्या पाठात विजेच्या तडाख्यात सापडलेल्या माणसांचे चटकदार किस्से मधेमधे घातले होते. त्या गटाला मुख्य प्रक्रिया कमी आठवली आणि त्यावर आधारित प्रश्नही कमी सुटले. किस्से चांगले होते, पण ढगातला विद्युतभार कसा वेगळा होतो याच्याशी त्यांचा सांधा नव्हता. वर्ग खुलवण्यासाठी विनोद आणि किस्से पेरणाऱ्या शिक्षकांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा. मुलं हसली, मान्य. पण घरी जाताना त्यांच्यासोबत काय गेलं?

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचं स्मारक आहे. फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. गोष्ट आधीपासून माहीत असण्याचा उपयोग नवं शिकवायला कसा करायचा, हे त्यांच्याइतकं स्पष्ट कुणी दाखवलेलं नाही. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला तेव्हा भारतीय प्रेक्षकाला चित्रपटाची भाषाच नवीन होती. आवाज नाही, दृश्य तुटतं आणि दुसरीकडेच जोडलं जातं, मधे पाट्या येतात आणि त्या वाचता येणारे थोडे. अशा प्रेक्षकापुढे नवं कथानक ठेवलं असतं तर तो गोंधळला असता. हरिश्चंद्र, तारामती, रोहिदास त्याला पाठ होते. पुढे काय होणार हे ठाऊक असल्यामुळे ते पडद्यावर कसं होतं आहे इकडे त्याचं पूर्ण लक्ष राहिलं. त्यानंतर फाळके नाशिकला आले आणि ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, ‘लंकादहन’ हे चित्रपट इथे तयार झाले. लंकादहनात अण्णा साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले, तरी प्रेक्षक चुकला नाही.

१९७२ मध्ये जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्शा जॉन्सन यांनी याच्याशी मिळताजुळता प्रयोग केला. एक मुद्दाम संदिग्ध लिहिलेला उतारा होता, खरं तर कपडे धुण्याबद्दलचा. विषय आधी सांगितलेल्यांना तो न सांगितलेल्यांपेक्षा जवळपास दुप्पट आठवला. वाचून झाल्यावर विषय सांगितला तर काहीच फायदा झाला नाही. ओळख आधी हवी, नंतर नाही.

फाळक्यांनी पुराणाच्या बाहेरचंही काही करून पाहिलं होतं. पहिला चित्रपट काढण्याआधी, १९१२ मध्ये, त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून त्याची छोटी फिल्म केली आणि ती दाखवून भांडवल मिळवलं. तिच्यात राजा नाही, राक्षस नाही. बी, कोंब, वेल. तरी सुरुवात आहे, बदल आहे, पुढे काय याची उत्सुकता आहे. विज्ञान शिकवताना पात्रं घुसवावी लागतात असं ज्यांना वाटतं त्यांनी या फिल्मचा विचार करावा.

नारदीय कीर्तनाची बांधणीही सांध्याच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन त्याचं निरूपण, मधे नामस्मरण, मग उत्तररंगात आख्यान आणि शेवटी आख्यान पुन्हा मूळ अभंगाशी आणून जोडायचं. चांगल्या कीर्तनकाराची परीक्षा त्या शेवटच्या जोडणीत होते. आख्यान कितीही रंगलं आणि अभंग मागेच राहिला, तर जाणकार श्रोते नापसंती बोलून दाखवतात.

नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तमाशासारख्या लोककलेच्या घडणीत अगदी निराळा आशय भरला. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्य मानलेल्या समाजाचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब आंबेडकर, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं त्यात होती, आणि तो वर्षानुवर्षं चालला. त्या काळात कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे, म्हणजे गाण्या-नाट्यातून प्रबोधन करणारे कार्यक्रम, गावोगाव फिरत होते. ऐकणाऱ्यांतल्या फार थोड्यांना वाचता येत होतं, वर्तमानपत्र तर त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. शाळेत का जायचं, मेलेली जनावरं ओढणं का सोडायचं, हक्क म्हणजे काय, हे त्यांना तमाशाच्या ओळखीच्या बाजात, सवाल-जबाबात, वगात कळलं. वगातला प्रसंग त्यांच्या स्वतःच्या गावात कालच घडलेला असे. तिथे सांधा शोधायची गरजच नव्हती. श्रोत्याचं जगणं हाच सांधा होता. माझ्या लेखी महाराष्ट्रातला प्रौढशिक्षणाचा हा सर्वांत यशस्वी प्रयत्न आहे, आणि शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत त्याला मिळायला हवी ती जागा अजून मिळालेली नाही.

गोष्ट ऐकणं आणि सांगणं यांतही फरक आहे. हेन्री रोडिगर आणि जेफरी कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलं, की मजकूर पुन्हा वाचण्यापेक्षा तो न बघता आठवून लिहिला तर आठवड्यानंतर कितीतरी अधिक राहतो. गोष्टीरूपाने शिकवलेलं आठवून सांगायला सोपं असतं, म्हणून गोष्टीचा हा दुसरा फायदा. पण सांगायला मुलाने हवं. शिक्षकाने सुंदर गोष्ट सांगितली आणि तास संपला, तर त्या तासात सर्वांत जास्त शिकला तो शिक्षक.

गोष्टीने शिकणं वर्गापुरतं नसतं, म्हणून आता थोडं द्राक्षबागेकडे. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते: उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी बहार छाटणी. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते सत्तर दिवसांत काडीवरच्या डोळ्यांमध्ये सूक्ष्म घडनिर्मिती होते आणि तिला ऊन लागतं. त्या दिवसांत आभाळ भरून राहिलं तर त्या वेळी बागेत काहीच बिघडलेलं दिसत नाही. वेल हिरवीगार असते. परिणाम दिसतो चार-पाच महिन्यांनी, गोडी बहार छाटणीनंतर घड कमी निघतात तेव्हा. शेतकरी मग आदल्या आठवड्यातलं खत, औषध, मजूर यांत कारण शोधतो. इतक्या दूरचं कारण आणि परिणाम जोडून धरायला तक्ता अपुरा पडतो. मे-जूनमध्ये काय झालं, म्हणून कोवळ्या डोळ्यात काय झालं, म्हणून ऑक्टोबरात काय दिसलं, असं बागेचं वर्ष क्रमाने सांगितलं तरच ते बसतं. चर्चासत्रांत अनुभवी बागायतदार बोलायला उभा राहिला की मागच्या रांगाही पुढे सरकून ऐकतात, ते यासाठीच.

पण औषधाचं प्रमाण गोष्टीतून शिकू नये. लिटरला किती, काढणीच्या आधी किती दिवस फवारणी थांबवायची, हे आकडे कागदावर हवेत आणि दर वेळी कागद बघूनच वापरायला हवेत. निर्यातीच्या मालात अवशेष निघाले तर आठवणीवर विसंबून चालत नाही. दुसरं असं, की एका बागेची गोष्ट एकाच बागेची असते. शेजाऱ्याने अमुक फवारलं आणि डावणी हा रोग आटोक्यात आला, ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरते. ज्या दहा जणांनी तेच फवारलं आणि बाग गेली, ते चर्चासत्रात उठून बोलत नाहीत. अनुभवी सल्लागार अशा वेळी गोष्ट सांगणाऱ्याला थांबवून विचारतात: त्या आठवड्यात पाऊस होता का? पानं किती तास ओली राहिली? न फवारलेली एखादी ओळ होती का, आणि तिचं काय झालं?